गोळी सुरू केली की पोरगं मंद होतं का?

"मॅडम, गोळीने पोरगं मंद होतं ना हो?" एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या त्रासाची, गोळी मुलाला सुरू करायची म्हटली की हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आई कधी ना कधी विचारते, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे येतातच, सवय लागेल का, जन्मभर घ्यावी लागेल का, उंची खुंटते म्हणे. सुरुवातीलाच सांगते, मी समुपदेशक आहे, गोळी लिहून द्यायचा मला अधिकार नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांचं. पण चिठ्ठी हातात घेऊन घाबरलेले आईबाप डॉक्टरांसमोर गप्प बसतात आणि खरं काय ते माझ्याकडे येऊन बोलतात, त्यामुळे गोळीबद्दलचं निम्मं बोलणं माझ्याच खुर्चीसमोर होतं.

एका मुलाचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्याला मन्या म्हणूया. सांगलीकडचं तालुक्याचं गाव, वय आठ, तिसरीत. शाळेतून रोज तक्रार, जागेवर बसत नाही, मधेच ओरडतो, दुसऱ्याची पेन्सिल उचलतो, वही अर्धी कोरी. घरी जेवायला बसला की चार घास आणि उठला, रस्त्यावर हात सोडून पळाला म्हणून दोनदा गाडीखाली येता येता वाचला. शाळेने शेवटी सांगितलं की औषध सुरू करा नाहीतर दुसरी शाळा बघा. आजी म्हणे मुलगे असेच असतात, याचा बाप पण असाच होता. आणि बाप खरंच असाच होता, मिटिंगमध्ये पाय हलवत बसला होता आणि तीन वेळा फोन घ्यायला बाहेर गेला :)

अशा वेळी गोळी द्यायची की नाही हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. आधी हे बघायचं की मूल दोन ठिकाणी तसंच आहे का. फक्त शाळेत असेल आणि घरी, मामाकडे, क्लासला ठीक असेल तर गडबड शाळेत असू शकते. एडीएचडी म्हणायला लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि किमान दोन जागी दिसणारी लागतात. व्हँडरबिल्ट नावाचा एक फॉर्म असतो, एक पालकांनी भरायचा एक शिक्षकांनी, तो भरून घेतला. कान तपासून घ्या, झोप कशी आहे बघा, रक्तात लोह बघा, हे पण सांगितलं. हे तपासणं लोकांना उगाच वेळकाढूपणा वाटतो, पण माझ्याकडे गोळीच पाहिजे म्हणून आलेला एक सहा वर्षांचा मुलगा रात्री घोरायचा, तोंड उघडं टाकून झोपायचा, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना वाढलेले अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) सापडले, ते काढल्यावर झोप लागायला लागली आणि दिवसाचा दंगा बराच खाली आला. सहाच्या आतल्या मुलांमध्ये तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही पहिल्यांदा आईवडिलांना प्रशिक्षण द्या असंच म्हणतात, गोळी नंतर.

मन्याच्या बाबतीत मात्र दोन्ही फॉर्म सारखेच बोलत होते, कान ठीक, झोप ठीक. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं आणि मिथाइलफेनिडेट लिहून दिलं, सकाळी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग हळूहळू बघू. लिहिण्याआधी वजन, उंची, नाडी, बीपी घेतलं आणि घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला का, मूल पळताना कधी चक्कर येऊन पडलं का हे विचारलं. हे न विचारता कुणी चिठ्ठी देत असेल तर तुम्ही स्वतःहून सांगा.

आता खरी गंमत मेडिकलमध्ये झाली. तालुक्यातल्या दोन दुकानांनी नाही म्हणून सांगितलं, तिसरा आईला म्हणाला, वहिनी हे नशेच्या लिस्टमधलं औषध आहे, लहान पोराला कशाला देताय. ती बाई गोळी न घेताच घरी आली आणि रात्री मला फोन. तर ते असं आहे की मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं, त्याची चिठ्ठी दोन प्रतीत लागते, दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं सांभाळून ठेवावी लागते, आणि अमली पदार्थांच्या कायद्यातल्या यादीत पण त्याचं नाव आहे. एवढी कटकट नको म्हणून बरेच दुकानदार ठेवतच नाहीत. कायदा कडक आहे कारण मोठी माणसं त्याचा गैरवापर करू शकतात, गोळ्या चुरून वगैरे. डॉक्टरांच्या देखरेखीत ठरलेल्या डोसवर मुलाला नशा चढत नाही, आणि लहानपणी हे उपचार घेतलेली मुलं मोठेपणी जास्त व्यसनी झाली असं अभ्यासात दिसलेलं नाही. पण डबी आईच्या कपाटात कुलपात, मुलाच्या हातात नाही, आणि कॉलेजातल्या दादाच्या तर अजिबात नाही.

वडिलांचा मुद्दा वेगळा होता, ही सगळी नवीन फॅशन आहे मॅडम, आमच्या वेळी कुठे होतं. त्यांना मी १९३७ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत ईस्ट प्रॉव्हिडन्सला चार्ल्स ब्रॅडली म्हणून डॉक्टर होते, त्यांच्याकडच्या मुलांचं मेंदूचं एक तपासणं करायचे त्याने मुलांचं डोकं भयंकर दुखायचं, त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन नावाचं उत्तेजक औषध देऊन बघितलं, डोकेदुखीत विशेष फरक नाही पण शिक्षक सांगायला लागले की मुलं अभ्यास करतायत! मुलांनीच त्या गोळीला गणिताची गोळी म्हणायला सुरुवात केली. मिथाइलफेनिडेट त्यानंतर, १९४४ ला बनलं. म्हणजे ही आपल्या आजोबांच्या काळातली गोष्ट आहे. वडील हसले, पण पटलं असं नाही म्हणाले. ठीक आहे.

डॉक्टर लोक बऱ्याचदा चष्म्याचं उदाहरण देतात, डोळ्याला नंबर असला की चष्मा लावतोच ना, तसंच हे. मला ते फारसं पटत नाही कारण चष्म्याने कुणाची भूक जात नाही. मन्याची गेली. दुपारचा डबा भरलेला परत यायला लागला आणि आपल्याकडे पोरगं जेवलं नाही म्हणजे आईचा जीव अर्धा होतो. मग आम्ही वेळ फिरवली, सकाळी थालीपीठ किंवा भाकरी-दूध पोटभर खाऊन मग गोळी, दुपारी जेवढं जाईल तेवढं, आणि संध्याकाळी गोळीचा असर उतरला की भूक परत येते तेव्हा दणकून जेवण, झोपताना शेंगदाण्याचा लाडू. वजन महिन्याला बघायचं. उंचीबद्दल खरं सांगायचं तर थोडा परिणाम असू शकतो, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी फरक दोनेक सेंटीमीटरचा दिसला होता. म्हणून डॉक्टर दर भेटीत उंची मोजतात, आणि मोजत नसतील तर तुम्ही आठवण करा, त्यात लाज कसली.

आता मंद होण्याचं. डोस वाढवल्यावर एका आठवड्यात मन्या एकदम चिडीचूप झाला. बाईंनी वहीत लिहून पाठवलं, खूप छान सुधारणा, आता अगदी शहाणा झालाय. आणि आई माझ्यासमोर बसून रडत होती, की मॅडम हा हसत नाही हो, बहिणीला चिडवत पण नाही, नुसता बसून राहतो. इथे माझं मत एकदम ठाम आहे. शाळेला जे छान वाटतं ते मुलाला छान असेलच असं नाही, आणि वर्ग शांत ठेवायला मुलाला गोळी द्यायची नसते. मूल हसणं विसरलं तर डोस जास्त आहे किंवा ती गोळी त्याला चालत नाही, बस. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला लावला, त्यांनी डोस खाली आणला, आणि मन्या परत बहिणीच्या वेण्या ओढायला लागला पण गणिताचं पान पूर्ण करून. म्हणजे गोळीने मंद होतं का याचं उत्तर, चुकीच्या डोसवर हो, होतं, आणि ते दुरुस्त करता येतं, सहन करायचं नसतं.

तिसरी अडचण संध्याकाळची. साधी गोळी तीन-चार तास चालते, उतरताना मूल किरकिरं होतं, रडतं, वस्तू फेकतं. दुपारची गोळी शाळेत द्यायची तर बाईंना सांगावं लागतं, मुलं चिडवतात. डॉक्टरांनी मग जास्त तास चालणारी गोळी दिली, एकदाच सकाळी, आणि ती मात्र उशिरा दिली की रात्री झोप येत नाही म्हणून वेळ सांभाळायची. ज्यांना हे औषध चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन असतं, त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही म्हणून बंद करू नका, पण मूल फार उदास झालं किंवा मरणाचं बोलायला लागलं तर लगेच डॉक्टरांकडे, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

उलट बोलतो, खोटं बोलतो, ऐकत नाही यावर मात्र गोळी नसते. बऱ्याच पालकांना तीच हवी असते. मुलं फारच मारामारी करत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असतील तर डॉक्टर कधीकधी रिस्पेरिडोन देतात, पण त्याने वजन भराभर वाढतं, साखर बघावी लागते, ते काही उद्धटपणाचं औषध नाही.

गोळी चालू असताना माझं काम काय, तर गोळी मुलाला थांबायला शिकवते, काय करायचं ते नाही शिकवत. मन्याच्या आईला एका वेळी एकच सूचना द्यायला शिकवलं, तेही जवळ जाऊन, स्वयंपाकघरातून ओरडून नाही. अभ्यास दहा मिनिटं, मग उठून अंगणात एक चक्कर, मग परत दहा. चांगलं केलं की तिथल्या तिथे बोलायचं, रविवारी बक्षीस देऊ याचा अशा मुलांना उपयोग नसतो, रविवार फार लांब असतो. वडिलांना मारणं बंद करायला सर्वात जास्त वेळ लागला. उंचीबद्दल सांगितलं तो मोठा अमेरिकन अभ्यास १९९९ मध्ये आला, त्यात ५७९ मुलं होती, चौदा महिन्यांनंतर नीट देखरेखीत औषध घेणाऱ्यांचा चंचलपणा नुसत्या वर्तन उपचारांपेक्षा जास्त कमी झाला, पण तीन वर्षांनी बघितलं तर गटागटांतला फरक उरला नव्हता. म्हणून गोळी दिली आणि सुटलो असं मी कुणालाच म्हणू देत नाही, आणि गोळी म्हणजे विष असंही नाही.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, बऱ्याच जिल्ह्यांत डीईआयसी नावाचं मुलांच्या तपासणीचं केंद्र पण आहे. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

जन्मभर का, हे राहिलं. मन्याची गोळी अजून चालू आहे. आईला वाटत होतं उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद करून बघावी, डॉक्टर म्हणाले सुट्टीत काय कळणार, सुट्टीत सगळीच पोरं उंडारतात. शाळा रुळल्यावर, पहिली घटक चाचणी झाली की दोन आठवडे थांबवायची, घरी आणि शाळेत तोच फॉर्म परत भरायचा, आणि कोणत्या आठवड्यात गोळी बंद आहे ते बाईंना सांगायचं नाही म्हणजे त्या खरं लिहितील. फॉर्म नीट आला तर डोस कमी, नाही आला तर आणखी एक वर्ष, असं आत्ता ठरलंय.