मुलगी दुसरीत आहे, सतत रील्स बघते आणि स्वतःचे फोटो काढायला लावते. रोज किती वेळ मोबाईल द्यावा?

शाळेच्या दिवशी अर्धा तास, तोही तुम्ही शेजारी बसून. जेवताना अजिबात नाही. पण तुमच्या प्रश्नातलं मला लागलं ते फोटोंचं.

मी पहिली-दुसरीला शिकवते. यंदा दुसरीला ‘मी’ या विषयावर चित्र काढायला दिलं होतं. आधीची मुलं त्यात आई-बाबा, घर, कुत्रा, सायकल सगळं कोंबायची आणि स्वतः कुठेतरी कोपऱ्यात असायची. यंदा बऱ्याच जणांनी उभी चौकट आखली, आत फक्त आपला चेहरा, बाजूला बदाम आणि बदामाखाली आकडा. एका मुलीनं शंभर लिहिले होते. शेजारच्या मुलाचे पाचशे दिसल्यावर तिनं ते खोडून हजार केले. सात वर्षांची पोर!

हे घरून येतं, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचं मत पडलं. मला ते पटत नाही. परिपाठाला आम्हीच मोबाईल समोर धरतो. गोष्ट सांगताना मूल अडखळलं की ‘थांब, परत घेऊ’. मग तो व्हिडिओ शाळेच्या पानावर जातो आणि कुणाला किती लाइक आले याची चर्चा पालकांच्या ग्रुपवर. पान सांभाळणारे सर म्हणतात, यानं मुलांना प्रोत्साहन मिळतं. ज्याला चारच लाइक आले त्याला काय मिळतं, हे मी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही. इन्स्टाग्रामच्या नियमात खात्यासाठी वय १३ पूर्ण लागतं, आणि आपण सहा-सात वर्षांची मुलं तिथे नेऊन उभी करतो.

म्हणून आधी शाळेत अर्ज द्या, की मुलीचे फोटो-व्हिडिओ कुठेही टाकू नयेत. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. घरीसुद्धा तिचा नाच लगेच मावशी-आत्याच्या ग्रुपवर टाकू नका.

मोबाईल मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये अभ्यास त्यावरच झाला, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड मीही वर्गात वापरते. तुमची मुलगी कुणी बघत नसतानाही नाचत-गात असेल, तर फार काळजी करू नका. कॅमेरा नसेल तर नाचायचंच नाही म्हणत असेल, तर मात्र अर्धा तासही जास्त आहे.