‘रिपरफ्यूजन इंज्युरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : यकृताच्या शस्त्रक्रियेविषयी रुग्णांसाठी माहितीपत्रक तयार करते आहे. ‘रिपरफ्यूजन इंज्युरी’साठी, म्हणजे अडवलेलं रक्त पुन्हा सुरू झाल्यावर पेशींचं जे नुकसान होतं त्यासाठी, ‘पुनर्रक्तपुरवठा दुखापत’ असं लिहिलं. एकाने वाचून विचारलं, ‘रक्त पुन्हा सुरू झालं तर चांगलंच की, दुखापत कसली?’ शब्द चुकलाय का?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि नुसता शब्द बदलून ती फिटणार नाही. तरी आधी ‘दुखापत’ काढा. दुखापत म्हटलं की पडणं, आपटणं, खेळाडूचा गुडघा असं काही डोळ्यांसमोर येतं. पेशींचं नुकसान सांगायला ‘इजा’ बरी. ‘पुनर्रक्तपुरवठा’ तर घाईत ‘पुनरुक्त’ असाच वाचला जातो. शिवाय ‘पुन्हा’ सुरू होतो तो पुरवठा, मग ‘पुनर्’ रक्ताला कशाला चिकटवायचं? ‘पुनर्भरण’ विहिरींनी आणि भूजलाने घेऊन टाकलं आहे. ‘पुनर्प्रवाह’ सर्रास दिसतो, पण पुढे ‘प’ आला की विसर्ग टिकतो, म्हणून ‘पुनःप्रवाह’. ‘पुनःप्रवाह इजा’ ही संज्ञा मला चालेल. ‘पुनःप्रवाहजन्य’ मात्र नको. ‘जन्य’ लावलं की सगळा दोष परतलेल्या रक्तावर जातो आणि तुमच्या वाचकाचा गोंधळ आणखी वाढतो.

खरा घोळ कारणात आहे. यकृताचा भाग कापताना रक्तस्राव आवरायला त्याच्या दाराशी येणारी रोहिणी आणि आतड्यांकडून रक्त आणणारी मोठी शीर, दोन्ही काही मिनिटं चिमट्यात धरतात. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली ही युक्ती मांडली, म्हणून ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रक्त अडलेलं असताना पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, त्यांची ऊर्जा म्हणजे एटीपी आटत जाते आणि सक्सिनेटसारखी द्रव्यं साचतात. चिमटा सुटला, ऑक्सिजन आला, की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जाकेंद्रं, हे साचलेलं सक्सिनेट झपाट्याने वापरू लागतात आणि त्या गडबडीत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू उसळतात. मागोमाग यकृतातल्या कुप्फर नावाच्या संरक्षक पेशी खवळतात, रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज वाढते. म्हणजे इजेची सुरुवात रक्त अडल्यावर होते, ते परतल्यावर ती वाढते. आणि रक्त परतलंच नाही तर पेशी मरणारच, हेही पत्रकात यायला हवं.

म्हणून माहितीपत्रकात संज्ञेपेक्षा वाक्य वापरा : ‘रक्त अडल्याने सुरू झालेली आणि ते पुन्हा खेळू लागल्यावर वाढणारी इजा’. ‘खेळणं’ मुद्दाम सुचवतोय. हवा खेळते, पाटाचं पाणी वाफ्यातून खेळवतात, तसं ऊतींच्या बारीकसारीक वाटांतून रक्त खेळतं. परफ्यूजनचा अर्थ नेमका हाच. ‘रक्ताभिसरण’ म्हणजे साऱ्या शरीरातली फेरी, ते इथे बसत नाही. पहिल्या टप्प्याला, म्हणजे इस्केमियाला, ‘रक्तक्षय’ लिहू नका. तो ॲनिमिया. ‘रक्तपुरवठा अडणं’ पुरेसं आहे.

एकदा हे दोन टप्पे वेगळे ठेवले की बचावाचे उपायही सरळ मराठीत सांगता येतात. सलग अडवण्याऐवजी साधारण १५ मिनिटं अडवायचं आणि ५ मिनिटं सोडायचं, याला ‘टप्प्याटप्प्याने अडवणं’ म्हणा. प्रीकंडिशनिंगला ‘पूर्वतयारी’ म्हणतात, पण उपाशीपोटी येणं, तपासण्या करणं हीसुद्धा शस्त्रक्रियेची पूर्वतयारीच. मी ‘पूर्वसराव’ म्हणेन. रक्त जास्त वेळ अडवण्याआधी ते एकदा थोडा वेळ अडवून सोडलं की पेशी पुढचा ताण जास्त सोसतात. हा परिणाम १९८६ साली कुत्र्यांच्या हृदयावरच्या प्रयोगात दिसला आणि पुढे यकृतातही तपासला गेला. प्रयोगात ठळक दिसणारा हा फायदा रुग्णांमध्ये सगळीकडे सारखा आढळलेला नाही, तेव्हा पत्रकात ‘हमखास’ लिहू नका.

प्रत्यारोपणात यकृत बर्फात, सुमारे ४ अंश सेल्सिअसला, थंड द्रावणात ठेवतात. अलीकडे ते यंत्रावरही ठेवतात. एका पद्धतीत थंड पण ऑक्सिजनयुक्त द्रव त्यातून खेळवतात, दुसरीत शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, रक्तासारखा द्रव. पाहा, ‘खेळवणं’ इथेही आपसूक कामाला आलं. ‘यंत्र-परिसिंचन’ असलं काही रचत बसू नका, ते वाचून शेतीचं अनुदान आठवतं.

राहता राहिला मथळा. ‘यकृतरक्षक उपाय’ नको. ‘यकृतरक्षक’ हा शब्द आता टॉनिकच्या बाटल्यांवर जाऊन बसला आहे आणि वाचक आधी विचारेल, कुठलं औषध, दिवसातून किती वेळा? त्यापेक्षा ‘शस्त्रक्रियेत यकृताला होणारी इजा कशी कमी करतात?’ हे बरं. ‘टाळतात’ नव्हे, ‘कमी करतात’ : इजा पूर्णपणे टळते असं कोणताही सर्जन म्हणणार नाही.