ओला × सुका, कोरडा की वाळला?

ताई, तुम्ही विचारलंय की लेकीच्या सरावपुस्तकात ‘ओला’चा विरुद्धार्थी ‘सुका’ छापलाय, शाळेत बाईंनी ‘कोरडा’ सांगितला आणि घरी आजी म्हणतेय आपल्याकडं तर कपडे ‘वाळतात’, मग खरा कोणता. तिन्ही खरे, पण एकाच्या जागी दुसरा सगळीकडं चालत नाही, म्हणून आधी बघायचं की ओलं नेमकं काय आहे.

कपड्याचंच घ्या. मुंबई-कोकणाकडं कपडे सुकतात, आपल्या परभणी-नांदेडला गच्चीवर ‘वाळायलेत’. वाळलं म्हणजे आधी ओलं होतं, मग ऊन-वारा लागून पाणी गेलं. शेंगा, कुरडया, चारा, सगळं वाळतं. ‘कोरडा’ला अशी अट नाही, पाणी नाही एवढंच, आधी होतं का नव्हतं हे कुणी विचारत नाही: कोरडी हवा, कोरडा खोकला, कोरडी विहीर. ‘वाळलेली विहीर’ म्हणून बघा, जिभेवर बसतच नाही, विहीर आटते. आणि ‘सुका’ जास्त करून वाळवून ठेवलेल्या मालाला लागतो, सुका मेवा, सुकं खोबरं, सुकी मासळी, आता घंटागाडीमुळं सुका कचरा पण.

मला यातली आवडती गोष्ट म्हणजे कधीकधी विशेषण लागतच नाही, वस्तूचं नावच बदलतं. आलं वाळलं की सुंठ, खजूर वाळला की खारीक, ज्वारीची हिरवी ताटं वाळून पेंढ्या बांधल्या की कडबा. वसमतकडं ओली हळद रानातून काढतात, शिजवतात, उन्हात पसरून वाळवतात आणि मग पॉलिश करून बाजारात नेतात ते हळकुंड. ‘ओली हळद × हळकुंड’ ही जोडी कुठल्या यादीत नसेल, पण अर्थानं एकदम पक्की आहे.

दुष्काळाचं वेगळंच. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो कोरडा, आणि 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं उभं सोयाबीन पाण्यात गेलं, कुठं कुठं तर मातीच खरडून गेली तेव्हा लोकांनी मागितला तो ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा म्हणून. इथं सुका नाही, वाळला तर अजिबातच नाही, कोरडाच. आणि या दोन्हींच्या विरुद्ध शब्द एकच, सुकाळ. (त्यात ‘सुका’ दिसतो पण संबंध नाही हं, तो सु अधिक काळ.)

माणसांपाशी आलं की जोडी मोडते. ‘कोरडा माणूस’ आपण म्हणतो पण ‘ओला माणूस’ म्हणत नाही, मायाळू म्हणतो; तरी कोरडेपणा आणि ओलावा हे नाम मात्र बरोबर समोरासमोर येतात. ओल्या बाळंतिणीला उलट बाजूच नाही. कोरड्या भाकरीच्या उलट ओली भाकर नसते, कालवणासंगची भाकर असते, आणि धाराशिव-सोलापूरकडं तर त्या कालवणालाच ‘कोरड्यास’ म्हणतात, म्हणजे जे ओलं त्याचंच नाव असं!

आता लेकीच्या पेपरचं. वाक्य दिलं असेल तर ज्या शब्दाला तो ‘ओला’ चिकटलाय तो धरून तीनही पर्याय मोठ्यानं म्हणून बघायला सांगा, पाचवीच्या लेकराला कानानं लगेच कळतं. ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण आली तर अर्थातच सुका. नुसता शब्द आला आणि सुका-कोरडा दोन्ही पर्यायात असले तर माझ्या मते प्रश्नच चुकीचा काढलाय, पण मार्क घ्यायचेत म्हणून मी ‘कोरडा’ला टिक करीन, कारण तो जास्त ठिकाणी चालतो. बाईंशी मात्र वाद घालू नका, त्यांचं उत्तर बरोबरच आहे, फक्त पुस्तकाचंही चूक नाही.