ताप उतरलाय, रविवारी पळू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर मॅडम, मी कोरेगावचा, वय 38. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी उन्हाळ्यापासून तयारी करतोय, सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून उतरतोय आणि नेमका रेसच्या आठवड्यात आजारी पडलो. सोमवारी रात्री ताप आला, 101, मंगळवारी पण तेवढाच, अंग ठणकत होतं, कोरडा खोकला. बुधवारपासून ताप नाही, पण पॅरासिटामॉल चालू आहे. जिना चढला की धाप लागते. ग्रुपमधले म्हणतात सकाळी एक पेनकिलर घे आणि निघ, घाटात घाम आला की सगळं निघून जाईल. घरचे नको म्हणतात. बिब, म्हणजे रेसमध्ये छातीवर लावायचा नंबर, आणलंय. हळू पळालो तर चालेल का?

उत्तर: तुम्हाला मेलवर लगेच "नको" असं कळवलं होतंच, पण दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो म्हणून कारणं सविस्तर देतेय.

पहिली गोष्ट, ताप गेला हे अजून ठरलेलंच नाही. पॅरासिटामॉल पोटात असेपर्यंत थर्मामीटर काय दाखवतो त्याला अर्थ नाही, गोळी बंद करून पूर्ण दिवस-रात्र ताप आला नाही तर गेला म्हणायचं. आणि दिवस डेंग्यूचे आहेत. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास, खरा धोका सुरू होतो, प्लेटलेट्स घसरतात, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, आणि माणसाला वाटतं आता बरं वाटतंय. त्यामुळे आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, आणि डेंग्यूची टेस्ट करून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काहीही घेऊ नका.

रनर लोकांत एक नियम चालतो, त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळणं, शिंका, तर हलकं पळायला हरकत नाही, आणि मानेच्या खाली, म्हणजे छातीतला खोकला, अंगदुखी, जुलाब किंवा ताप, तर अजिबात नाही. नियम ढोबळ आहे पण चांगला आहे. तुमच्या ग्रुपने त्यातला अर्धाच लक्षात ठेवलाय. तुम्हाला ताप होता, अंग ठणकत होतं, म्हणजे तुम्ही सरळ दुसऱ्या गटात.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या धापेची वाटते. घाट चढणाऱ्या माणसाला जिन्यावर धाप लागणं बरोबर नाही. काही व्हायरल तापात हृदयाच्या स्नायूला सूज येते, मायोकार्डायटिस म्हणतात, आणि अशा हृदयावर तासन् तास ताण आला तर ठोके अचानक बिघडू शकतात, तरुण, फिट माणसातही. हे क्वचित होतं. पण झालं तर रस्त्यावर कोसळण्याआधी काही सांगून होत नाही, म्हणून मी इथे तडजोड करत नाही. ईसीजी काढा, छातीत दुखतं किंवा धडधडतं वाटलं तर त्याच दिवशी.

हळू पळायचं म्हणताय, पण यवतेश्वरच्या घाटात तुम्ही कितीही हळू गेलात तरी हृदयाला हळू चालता येत नाही, निम्मी रेस चढाचीच आहे. वर पाऊस-धुकं, भिजलेलं अंग, आणि मग उतार. पेनकिलर घेऊन गेलात तर त्यात किडनीची भर, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात.

परत सुरू करताना रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच नाडी मोजा. ती तुमच्या नेहमीच्या आकड्यावर आली, गोळीशिवाय ताप नाही, जिना नेहमीसारखा चढता येतो, मग आधी आठवडाभर चालणं आणि हलकं जॉगिंग, घाट त्यानंतर. आणि बिब मित्राला देऊ नका हो, प्लीज. त्याला काही झालं तर डॉक्टरांच्या हातात तुमचं नाव, तुमचा ब्लड ग्रुप आणि तुमच्या घरचा नंबर असतो.

प्रश्न: मी ठाण्याची, जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन आहे. मागच्या वर्षी दोन दिवस आधी जुलाब झाले, केमिस्टने सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, पळून झालं पण टाच अजून दुखते. संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटाच्या औषधांनी टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, दुखावते, कधी तुटते पण, आणि त्रास औषध संपल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. हाडांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून तपासून घ्या, तोवर चढ आणि स्पीडवर्क बंद, आणि इथून पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगायचं की मी लांब पळते, पर्याय असतात.

जुलाब चालू असताना 42 किलोमीटर पळूच नका. जानेवारीतही मुंबईत घाम भरपूर येतो, आणि पेडर रोडचा चढ फुलवाल्यांना शेवटी-शेवटी लागतो, तेव्हा अंगात मीठ-पाणी आधीच कमी असेल तर चक्कर येणारच. नुसतं साधं पाणी ढोसूनही भागत नाही, रक्तातलं सोडियम घसरतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस करा, जुलाब थांबून पोट नीट झाल्यावरच परत पळा.