वाचकांचे प्रश्न : अथेनापुढे हात जोडले तर चालेल का?

प्रश्न : ताई, मी नाशिकची, सध्या नोकरीसाठी जर्मनीत. टीममधली एक ग्रीक मुलगी चर्च सोडून अथेना, हर्मिस, हेस्टिया या जुन्या ग्रीक देवांची पूजा करते, बुकशेल्फवर देव मांडलेत आणि प्लेटो वाचत असते. मला आधी ड्रेस-अपचा प्रकार वाटला, पण तिचं मनापासून चाललंय. ही परंपरा तर कधीच संपली ना, मग हे खरं मानायचं का? शिवाय प्लेटोवाल्यांचं परमतत्त्व एकच असं कॉलेजात शिकवलं होतं, मग एवढे देव कशाला? आणि आमचं कुलदैवत खंडोबा, तरी तिच्याकडे गेल्यावर मीही अथेनापुढे हात जोडते. आई म्हणते, "आपले देव कमी पडले का?"

उत्तर : परंपरा तुटली हे खरंच आहे. रोमन बादशहा थिओडोसियसनं ३९१-९२ मध्ये देवळातली पूजा आणि बळी बंद केले, पुढे ५२९ मध्ये जस्टिनियन बादशहाच्या काळात अथेन्समधलं तत्त्वज्ञान शिकवणंही थांबलं, तिथले काही पंडित तर इराणच्या खुस्रोच्या दरबारात गेले. त्यामुळे "आमच्या घरात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय" असं कुणी सांगितलं तर मी तरी पटकन विश्वास ठेवणार नाही. आजचे लोक जुनी स्तोत्रं, शिलालेख वाचून हे पुन्हा उभं करतायत. जानेवारी २००७ मध्ये अथेन्सच्या झ्यूस देवळापाशी त्यांनी जाहीर प्रार्थना केली आणि २०१७ मध्ये सरकारी मान्यताही मिळाली.

पण वाचून उभं केलं म्हणजे नाटक, असं होत नाही. प्रॉक्लस बघा ना, प्लेटोच्या परंपरेतला अथेन्सचा तत्त्वज्ञ. हा ४८५ मध्ये वारला, म्हणजे देवळांवर बंदी येऊन शंभर वर्षं होत आली होती. तो सूर्याला उगवताना, दुपारी आणि मावळताना नमस्कार करायचा, महिन्याच्या शेवटच्या दिवशी कडक उपास करायचा आणि बरंचसं घरातल्या घरात, गाजावाजा न करता. त्याचा शिष्य मरिनस लिहितो की पार्थेनॉन या अथेन्सच्या देवळातली अथेनाची मूर्ती हलवली तेव्हा प्रॉक्लसच्या स्वप्नात एक देखणी बाई आली आणि म्हणाली, घर आवर, अथेन्सच्या मालकिणीला आता तुझ्याकडे राहायचंय. म्हणजे देऊळ गेलं आणि देवी भाड्याच्या की स्वतःच्या काय असेल त्या घरात आली. तुमची मैत्रीण बुकशेल्फवर करते ते यापेक्षा फार वेगळं नाही.

आता "एक परमतत्त्व". कॉलेजात शिकवतात ते अर्धंच असतं. प्लेटोचा राग होमरच्या गोष्टींवर होता, देव भांडतात, फसवतात, असलं मुलांना शिकवू नका म्हणून. देव अनेक आहेत याच्यावर नव्हता. प्लेटोच्याच लिखाणात सॉक्रेटिस मरताना सांगतो की अस्क्लेपियस या वैद्यकीच्या देवाचा कोंबडा द्यायचा राहिलाय, तेवढा द्या. पुढे प्लेटोच्याच परंपरेतल्या प्लोटायनसनं सगळ्याच्या मुळाशी "एक" ठेवला हे बरोबर, पण प्रॉक्लसनं २११ विधानांचा जो ग्रंथ लिहिला त्यात हा "एक" म्हणजे वर बसलेला मोठा देव नाही, कुठलीही गोष्ट एकसंध असते ती ज्याच्यामुळे, तो. आणि प्रत्येक देव स्वतःच असा पूर्ण एक, अस्तित्वाच्याही पलीकडचा. कुणी कुणाचा तुकडा नाही की मुखवटा नाही. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड बटलर हेच जोरात मांडतात, सगळ्यांना ते पटतं असं नाही, मला मात्र पटतं. आपल्याकडची पंचायतन पूजा आठवा, गणपती मध्ये ठेवला की बाकीचे चार त्याच्याभोवती, देवी मध्ये ठेवली की बाकीचे तिच्याभोवती. फक्त आपण अर्थ लावताना पटकन अद्वैतात जातो, प्रॉक्लस देवांना शेवटपर्यंत वेगळंच ठेवतो. आणि खरं सांगू, "सगळे देव शेवटी एकच" हे आपण बऱ्याचदा वाद टाळायला म्हणतो, विचार करून नाही.

आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. कुलदैवत ही आवडीनिवडीची गोष्ट नाही, खंडोबाचा भंडारा, जागरण-गोंधळ हे कुळाचं नातं आहे आणि ते तुमच्याकडे राहणारच. पण दुसऱ्यांच्या देवाला हात जोडल्यानं ते कमी होतं असं या प्लेटोवाल्यांना तरी वाटत नव्हतं. काही ग्रीक गटांत "हे आमच्या रक्ताचं" असा सूर असतो, तो मला विचित्रच वाटतो, कारण या प्लेटोवाल्यांपैकी प्लोटायनस इजिप्तकडून आलेला, पोर्फिरी टायरचा (आजचं लेबनॉन), आयाम्ब्लिकस सीरियाचा, आणि प्रॉक्लसचं घराणं लिशियातलं (आजचं तुर्कस्तान), त्यानं गाझाच्या मार्नस देवाची आणि इजिप्तमधल्या फिलेच्या इसिस देवीचीसुद्धा स्तोत्रं रचली. प्लेटोच्या "रिपब्लिक"ची सुरुवातच सॉक्रेटिस बंदरावर बेंडिस नावाच्या थ्रेसच्या, तिथं नव्यानं आलेल्या देवीला प्रार्थना करायला गेला होता अशी आहे, वर रात्री घोड्यांवरून मशालींची शर्यत. तेव्हा जोडा हात. फक्त एक गोष्ट टाळा, अथेनाला "ग्रीक सरस्वती" म्हणू नका. शिरस्त्राण घातलेली, भाला घेतलेली, विणकामाची आणि ऑलिव्हची ही देवी आहे, तिची ओळख तिच्याकडेच राहू दे.

प्रश्न : या लोकांच्या पूजेत नक्की काय असतं? बळी लागतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बळी आज बहुतेक जण देत नाहीत, आणि पोर्फिरीनं मांसाहाराविरुद्ध अख्खा ग्रंथच लिहिलाय, तेव्हा शाकाहारी मंडळींना जुना आधार आहे. साधारण असं असतं : जळती काडी किंवा तमालपत्र पाण्यात विझवून त्या पाण्यानं हात धुवायचे, जवाचे दाणे टाकायचे, धूप लावायचा आणि वाइन, दूध किंवा मध अर्पण करायचं. पहिलं आणि शेवटचं अर्पण हेस्टियाला, म्हणजे चुलीच्या देवीला. फ्लॅटमध्ये हे करताना स्मोक अलार्म वाजतो ही जगभरची तक्रार असावी. जुन्या अथेन्सचा महिना चंद्राचा, त्यामुळे आपल्याला सोपं जातं : अमावास्येच्या सुमाराला हेकेटी या तिठ्यांच्या देवीसाठी तिठ्यावर जेवण ठेवायचं, दुसऱ्या दिवशी नवा महिना, त्या दिवशी घरातल्या देवांची पूजा. तिठ्यावरचं जेवण उचलून घरी आणायचं नाही, पण गरीब लोक ते खाऊन टाकतात असा टोमणा अ‍ॅरिस्टोफेनिस या जुन्या ग्रीक विनोदी नाटककाराच्या नाटकात आहे.