कुत्र्याच्या डोळ्यांत सारखी चिकट पिवळट घाण येते. डोळा कोरडा पडलाय का, हे कसं तपासतात?

शर्मर चाचणीने (डोळ्यात अश्रू किती येतात ते मोजणारी चाचणी), आणि तीही डोळ्यात कुठलाही थेंब घालण्याआधी. कागदी पट्टीचं खाचेचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूला अडकवतात. नाकाकडे लावली तर ती बुबुळाऐवजी तिसऱ्या पापणीला टेकते आणि आकडा फसतो. बरोबर 60 सेकंदांनी काढून ओल लगेच मोजायची, कारण काढल्यावरही ती पट्टीवर पसरत राहते.

- 15 मिमी किंवा जास्त: पुरेसे अश्रू
- 10 ते 14: संशयास्पद, पुन्हा मोजा
- 10 च्या खाली आणि सोबत लाली, घाण: कोरडा डोळा
- 5 च्या खाली: गंभीर

बधिर करणारे थेंब, अ‍ॅट्रोपिन (बाहुली मोठी करणारं औषध) किंवा गुंगीचं इंजेक्शन आधी दिलं असेल तर आकडा खोटाच कमी येतो. त्यानंतर फ्लुरेसीन, म्हणजे जखम दाखवणारा रंग: त्याची ओली पट्टी डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टेकवून सलाइनने धुतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. बुबुळावर हिरवा डाग म्हणजे जखम. मग स्टेरॉइडचे थेंब अजिबात नकोत. (फार खोल जखमेचा तळ मात्र रंग धरत नाही, फक्त कडा हिरव्या दिसतात.)

एक मर्यादा: शर्मर फक्त पाण्याचं प्रमाण सांगते. आकडा चांगला असूनही अश्रूंचा थर टिकत नसेल, तर हाच रंग घालून पापण्या उघड्या धरतात आणि थर किती वेळात फाटतो ते पाहतात. निरोगी कुत्र्यात तो साधारण 20 सेकंद टिकतो.