विद्यापीठाचा तलाव: पैसे भरण्याआधी वेळापत्रक मागा

नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्हाला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय. विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाचं शुल्क तुमच्या फीमध्येच धरलंय, नवऱ्याला मात्र वेगळी मेंबरशिप घ्यावी लागेल. तो पट्टीचा पोहणारा, पाण्याखाली दोन-दोन मिनिटं राहतो, आणि तुम्ही जेमतेम. तर मेंबरशिप घ्यावी का, लेनमध्ये तुमची अडचण होईल का आणि क्लोरीननं डोळे-केस खराब होतात का, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्यापुरतं सोपं आहे. पैसे भरून झालेत, तेव्हा जाच. नवऱ्याच्या बाबतीत मात्र आधी रिसेप्शनवर जाऊन एकच कागद मागा: तलावाचं चालू सत्राचं वेळापत्रक. मी हा कागद न बघता वर्षाचे पैसे भरले होते. संकुल दाखवायला नेलं तेव्हा दुपारची वेळ होती. तलावात चिटपाखरू नव्हतं, वरच्या काचांतून ऊन थेट तळाच्या फरशीपर्यंत उतरलं होतं. मी भुलले. आठवड्याभरात कळलं की मला जमणाऱ्या संध्याकाळच्या तासाला तिथे विद्यापीठाचा वॉटर पोलोचा संघ असतो.

‘सकाळी सहा ते रात्री दहा’ ही इमारतीची वेळ असते, पाण्याची नव्हे. पहाटेचा आणि संध्याकाळचा बराचसा वेळ संघाच्या सरावाला जातो. त्यातून उरलेल्यात शारीरिक शिक्षणाचे वर्ग, मुलांच्या शिकवण्या, जीवरक्षकांचं प्रशिक्षण. स्पर्धा असली की शनिवार-रविवार बंद आणि सुट्टीत देखभालीसाठी बंद. यातून जे हाताला लागतं त्याचेही दोन भाग: एक फेऱ्या मारणाऱ्यांसाठी आणि दुसरा नुसतं डुंबायला येणाऱ्यांसाठी. म्हणून ‘तलाव किती लेनचा आहे’ असं विचारू नका. ‘मी येणार त्या वेळी किती लेन खुल्या असतात आणि बाहेरच्या सदस्यांना तेव्हा येऊ देतात का’ असं विचारा. पुष्कळ ठिकाणी गर्दीच्या वेळी आधी विद्यार्थी, मग कर्मचारी आणि शेवटी बाकीचे, असा क्रम असतो. सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली गर्दी बघून घाबरू नका, संकल्प गळायला लागले की पाणी मोकळं होतं.

लांबीही विचारून घ्या. ५० मीटरचा तलाव म्हणून जाहिरात असते, पण मध्ये सरकती भिंत असली की तो रोज ५० चा मिळेलच असं नाही. अमेरिकन विद्यापीठांत तर २५ यार्डांचे तलाव सर्रास असतात. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. तलाव २५ मीटरचा समजून दीड किलोमीटरसाठी साठ लांब्या (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक) मोजणारा माणूस तिथे प्रत्यक्षात १,३७२ मीटरच पोहतो. नवऱ्याची वेळ अचानक सुधारली तर कौतुक करण्याआधी हे तपासा.

आता तुमचं ‘जेमतेम’. खोल बाजूला सोडण्याआधी बऱ्याच ठिकाणी पोहण्याची चाचणी घेतात. सहसा एक-दोन लांब्या न थांबता पोहायच्या आणि थोडा वेळ पाय न टेकता उभ्यानं तरंगायचं, एवढंच. त्यात वेग बघत नाहीत. एमआयटीमध्ये तर पदवीसाठीच १०० यार्ड पोहून दाखवावं लागतं. (हार्वर्डबद्दल एक दंतकथा फार चघळली जाते: टायटॅनिकवर १९१२ मध्ये मुलगा गमावलेल्या वायडनरबाईंनी ग्रंथालयासाठी देणगी देताना विद्यार्थ्यांना पोहता आलंच पाहिजे अशी अट घातली म्हणे. ग्रंथालय खरं, मुलगा बुडाला तेही खरं, अट मात्र कुणीतरी रचलेली.)

चाचणीच्या दिवशी काठावरून पाण्याकडे बघून खोलीचा अंदाज बांधू नका. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो, म्हणून वरून बघताना तळ खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांशावरच दिसतो. दोन मीटर खोल पाणी दीड मीटरचं वाटतं. काठावर लिहिलेला आकडा वाचा. आणि ‘सूर मारू नये’ लिहिलंय तिथे, कितीही ओळखीचं पाणी असलं तरी, मारू नका.

मी तिशी ओलांडल्यावर शिकले. हात-पाय लवकर जमले, श्वास जमेना. दहा-बारा हात मारले की छाती भरून यायची आणि मला वाटायचं हवा कमी पडतेय. हवा कमी पडत नव्हती, मी आतली सोडतच नव्हते. कार्बन डायऑक्साइड साठला की श्वास घ्यायची घाई होते. घाईत मी मान वर काढायचे, मान वर गेली की पाय खाली, आणि पाय खाली गेले की आपण पोहत नाही, पाण्यात जिना चढतो. प्रशिक्षक मुलीनं मला सरळ उथळ बाजूला नेऊन काठ धरायला लावला आणि सांगितलं, ‘आता फक्त बुडबुडे काढायचे.’ शेजारी सहा-सात वर्षांची पोरं तेच करत होती. त्यातल्या एकीनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्ही नाकातून सोडतच नाही आहात.’ बरोबर होतं तिचं. पंधरा दिवस मी तेवढंच केलं: तोंड पाण्यात घालून नाकातून सावकाश हवा सोडायची, मान बाजूला वळवून घ्यायची, परत तेच. त्यानंतर पहिली पूर्ण लांबी एका आठवड्यात झाली. तेव्हा संकुलात प्रौढांचा वर्ग असेल तर लाज न बाळगता नाव घाला. विद्यार्थ्यांना तो बहुधा सवलतीत मिळतो.

लेनमध्ये अडचण होईल का? हळू पोहणाऱ्याची कुणालाच अडचण नसते. अडचण होते ती भिंतीपाशी मधोमध उभं राहून गप्पा मारणाऱ्याची. लेनमध्ये दोघं असाल तर अर्धी-अर्धी वाटून घ्या. तिसरा आला की गोल फिरायचं, म्हणजे एका कडेनं जायचं आणि दुसऱ्या कडेनं परतायचं. दिशा लेनच्या टोकाला पाटीवर बाणानं दाखवलेली असते. ती देशागणिक काय, तलावागणिक बदलते, त्यामुळे आधी पाहून मगच उतरा. चालू लेनमध्ये धपकन उडी टाकू नका. कडेला बसून पाय पाण्यात सोडा, येणाऱ्यांना दिसू द्या, मग उतरा.

पहिल्या आठवड्यात माझ्या तळपायाला कुणीतरी बोट लावलं. मी दचकून मधेच थांबले आणि मागचे गृहस्थ माझ्यावर येऊन आदळले. निवृत्त प्राध्यापक होते, सत्तरीच्या पुढचे. गॉगल वर करून शांतपणे म्हणाले, ‘बोट लावलं म्हणजे थांबायचं नसतं. भिंतीपर्यंत जायचं, कोपऱ्यात सरकायचं आणि मला पुढे सोडायचं.’ वर ‘माझं वय बघू नका, वेग बघा’ हेही ऐकवलं. तेव्हापासून मी ‘हळू’, ‘मध्यम’, ‘जलद’ या पाट्यांवर विसंबत नाही. मिनिटभर काठावर उभी राहते आणि आत्ता कोण कुठे कसं पोहतंय ते बघून लेन निवडते. ब्रेस्टस्ट्रोक मारत असाल तर गर्दीत पाय जरा आवरा. स्पर्धेच्या तलावातली लेनसुद्धा अडीच मीटरचीच असते आणि बेडकासारखी लाथ शेजारच्याच्या बरगडीत छान बसते.

क्लोरीनबद्दल बहुतेकांचा समज उलटा आहे. तलावात शिरताच नाकात जाणारा तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी संयोग होऊन क्लोरीन खर्ची पडलं की क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा, आणि डोळे चुरचुरतात तेही बरंचसं त्यांच्यामुळेच. नीट राखलेल्या तलावाला वास जेमतेम येतो. पाण्यातलं मोकळं क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एवढे भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हे आकडे फळ्यावर लिहून ठेवतात, जाता-येता बघत जा. आत हवा कोंडलेली असेल, खोकला येत असेल, तर त्या दिवशी परत फिरा आणि काउंटरवर सांगा.

म्हणून आधी शॉवर घ्या, नुसता पाय ओला करून पळायचं नाही. मिनिटभर अंग धुतलं तरी घामाचा बराच भाग निघून जातो. आणि आधी बाथरूमला जाऊन या, कारण पाण्यात उतरल्यावर लघवी लागते हा मनाचा खेळ नाही. पाण्याच्या दाबानं आणि गारव्यानं हातापायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंड कामाला लागतात. जुलाब होत असतील तर मात्र तलावाचं नावही काढू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू व्यवस्थित क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो.

केस हिरवे होतात ते पाण्यातल्या तांब्यामुळे, क्लोरीनमुळे थेट नाही. काळ्या केसांवर तो रंग फारसा दिसतही नाही, आपल्याला त्रास होतो तो कोरडेपणाचा. आधी नळाच्या पाण्यानं केस चिंब भिजवा आणि मग कॅप घाला, भिजलेला केस तलावाचं पाणी कमी पितो. गॉगल घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघा. क्षणभर चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा आहे. आतली काच बोटानं पुसू नका, धुकं न धरण्याचा लेप निघून जातो.

आता नवऱ्याच्या त्या दोन मिनिटांबद्दल. तुम्ही ते कौतुकानं लिहिलंय, म्हणून स्पष्टच लिहिते: हे त्यानं तलावात करू नये. खोल आणि भराभर श्वास घेऊन बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. प्राणवायू मात्र त्या मानानं वाढत नाही. श्वास घ्यावासा वाटायला लावतो तो कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे इशारा उशिरा येतो आणि त्याआधीच प्राणवायू संपून शुद्ध हरपते. ना तडफड, ना हात वर. हे चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतच जास्त घडतं, कारण नवशिक्या कधीच वर आलेला असतो. आमच्याकडे एक तरणाबांड मुलगा पाण्याखालून दोन लांब्या मारायच्या नादात तळाशी निपचित पडला होता. मी शेजारच्याच लेनमध्ये होते आणि मला वाटलं तो खाली काहीतरी शोधतोय. जीवरक्षक मुलीनं शिट्टी मारली नाही, हाक मारली नाही, सरळ उडी टाकली. मुलगा वाचला. त्यानंतर भिंतीवर पाटी लागली आणि ती मुलगी शिट्टी वाजवून असल्या बुड्या थांबवायला लागली. पूर्वी कुरकुरणारे आम्ही सगळे तेव्हापासून गप्प.

बुडणं असंच असतं, बहुधा आवाज न करता. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना ओरडायला श्वासच उरत नाही. म्हणून जीवरक्षकाशी गप्पा मारायला जाऊ नका. तो रिकामा बसलेला दिसतो, पण ठरावीक सेकंदांत आपला सगळा भाग नजरेखालून घालत असतो.

जिम, बॅडमिंटन, स्क्वॉश यांबद्दल फार लिहीत नाही. कोर्ट आधी बुक करावं लागतं आणि न येता बुकिंग तसंच ठेवलं तर पुढच्या वेळी अडवतात. क्लाइंबिंग वॉलवर पहिल्यांदा सुरक्षेचा छोटा वर्ग करावा लागतो. नवऱ्यासाठी महिन्याची किंवा सत्राची मेंबरशिप मिळत असेल तर वर्षाची घेऊच नका. एखाद्या दिवसाचा पाहुणा पास मिळतो का बघा आणि तो जाणार त्याच वारी, त्याच तासाला वापरून पाहा.

पिशवीत स्वतःचं कुलूप टाका, लॉकरला बहुतेक ठिकाणी ते मिळत नाही. रबरी चपला टाका, शॉवरच्या ओल्या फरशीवर बुरशी आणि चामखिळीचे विषाणू मुक्कामाला असतात. ओला कॉस्च्युम ठेवायला एक जुनी पिशवी. कार्ड विसरलात तर दारावरचा विद्यार्थी रोज बघून ओळखत असला तरी आत सोडणार नाही, त्याच्याशी वाद घालू नका. आणि वेळापत्रकाचा फोटो तलावाच्या दारावर चिकटवलेल्या कागदाचा काढा. वेबसाइटवरचं बहुधा मागच्या सत्राचं असतं.